एका पिशवीतील तीन चिठ्ठ्या : फार्मासिस्टच्या प्रशिक्षणाविषयी वैद्यांनी करावयाचा विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आणि प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहे. वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे ते चार पाद होत. परिचारकाच्या गुणांत उपचारज्ञतेला पहिले स्थान आहे, तर द्रव्याच्या गुणांत त्याच्या अनेकविध कल्पना होऊ शकणे हा एक गुण मानला आहे. ज्या काळी ही मांडणी झाली त्या काळी औषध कुटणारा, काढा उकळणारा आणि ते वेळेवर रुग्णाच्या मुखी घालणारा हे सारे वैद्याच्या नजरेसमोर असत. आज वटी कारखान्यात वळली जाते, आसव कारखान्यात मुरते, ते विकले जाते तिसऱ्याच ठिकाणी आणि रुग्ण ते घेतो सकाळी सात सदतीसच्या लोकलला धावता धावता. द्रव्य आणि परिचारक या दोन पादांच्या मधल्या जागेत एक मनुष्य दिवसाचे चौदा तास उभा असतो. तो म्हणजे औषधालयातील फार्मासिस्ट. त्याला कोणत्या पादात धरावयाचे याचा विचार आपण अद्याप केलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात हा विचार अधिक निकडीचा आहे असे आम्हांस वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते. यांतील फार मोठा वर्ग रोज मुंबईकडे जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. परिणामी त्यांची चिकित्साही विभागलेली असते. हृदयरोगतज्ज्ञ परळला किंवा शीवला, कंपनीचा डॉक्टर ठाण्याला, वैद्य डोंबिवलीला. आपली चिकित्सालये सकाळी दहा ते एक आणि सायंकाळी सहा ते साडेनऊ उघडी असतात. औषधाचे दुकान मात्र सकाळी लवकर उघडते आणि रात्री अकरापर्यंत चालू असते, तेही बहुधा स्थानकाच्या वाटेवर. रुग्ण वैद्याला महिन्यातून एकदा भेटतो, तज्ज्ञाला सहा महिन्यांतून एकदा. औषधाच्या दुकानात तो आठवड्यातून एकदा तरी जातोच.

आता त्याच्या हातातील पिशवी पाहू. तीत तीन चिठ्ठ्या असतात. तज्ज्ञाची चिठ्ठी आपण मागून पाहतो असे नाही, आणि आपली चिठ्ठी तज्ज्ञ पाहण्याची शक्यता त्याहून कमी. या तिन्ही चिठ्ठ्या ज्याच्यासमोर एकत्र उघडल्या जातात असा मनुष्य साऱ्या व्यवस्थेत एकच आहे आणि तो काउंटरच्या पलीकडे उभा आहे. (हल्ली औषधे भ्रमणध्वनीवरून घरपोच मागविण्याची प्रथा पडली आहे. तेथे तर तोही नसतो.) मात्र त्या तीन चिठ्ठ्यांपैकी दोनच वाचण्याचे शिक्षण त्याला मिळालेले आहे.

तिसरी चिठ्ठी न वाचल्याने काय होते?

आयुर्वेदीय औषधे आधुनिक औषधांबरोबर घेतली तरी काही होत नाही, ही समजूत रुग्णांत आहे आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आपल्यापैकीही काहींच्या मनात आहे. या समजुतीविरुद्धचा पुरावा फार दूरचा नाही. तो मुंबईतलाच आहे. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या काही रुग्णांत शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यानंतर झटके पुन्हा येऊ लागल्याचे मुंबईतील संशोधकांच्या लक्षात आले. त्यांनी उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते असे आढळले. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९९४ मध्ये मुंबईतूनच आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गुग्गुळापासून केलेल्या गुगुलिपिडबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृद्रोगावरील औषधांचे शरीरात उपलब्ध होणारे प्रमाण कमी होते.

ज्येष्ठमध दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. रुग्ण मूत्रल औषध आणि डिगॉक्सिन घेत असेल तर ही घट हृदयाच्या लयीवर बेतू शकते. थायरॉइडची गोळी पहाटे घेऊन लगेच शंखभस्म किंवा तत्सम सुधायुक्त कल्प घेणाऱ्या रुग्णाची गोळी पुरेशी शोषली जात नाही. या दोहोंत चार तासांचे अंतर हवे. मद्यमुक्तीसाठी डायसल्फिरॅम घेणाऱ्याला आसव-अरिष्ट देणे धोक्याचे आहे, कारण आसवारिष्टांत स्वयंनिर्मित अल्कोहोल असते. उलट दिशेचे उदाहरणही आहे. पिंपळी व मिरी यांतील पिपेरीन काही औषधांचे शोषण वाढविते. याच गुणाचा उपयोग करून रिफाम्पिसिनची मात्रा कमी ठेवलेली एक क्षयरोगविरोधी गोळी २००९ मध्ये भारतात बाजारात आली. योगवाही ही आपली संज्ञा अशा रीतीने औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोहोचली, पण त्रिकटु देताना रुग्ण आणखी काय घेतो हे विचारण्याची सवय आपल्याला लागली नाही.

यांपैकी प्रत्येक गोष्ट फार्मासिस्टच्या काउंटरवर, विक्रीच्या क्षणी, अडविता येण्याजोगी आहे. त्यासाठी त्याला रसशास्त्राचे आचार्य व्हावयाचे नाही. कोणत्या पंचवीस-तीस द्रव्यांपाशी थांबावयाचे आणि थांबून कोणाला विचारावयाचे, एवढेच ठाऊक असले पाहिजे.

कायद्याने काय दिले आहे हेही पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये आयुर्वेदीय औषधाच्या निर्मितीला परवाना लागतो; विक्रीला लागत नाही. म्हणजे आयुर्वेदीय भांडारात त्रिभुवनकीर्ती देणाऱ्या विक्रेत्याला वत्सनाभ म्हणजे काय हे माहीत असावे अशी कायद्याची अट नाही. वत्सनाभ, कुचला, धोतरा, भल्लातक इत्यादी द्रव्ये परिशिष्ट ई-१ मध्ये येतात आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ती सूचना इतक्या बारीक अक्षरांत असते की आम्हांला चष्मा पुसूनही ती वाचता येत नाही. दुसरीकडे नोंदणीकृत फार्मासिस्टसाठी २०१५ मध्ये फार्मसी व्यवसाय विनियम आले. त्यांनुसार चिठ्ठीतील औषधांची पुनरावृत्ती, परस्परक्रिया, चुकीची मात्रा, ॲलर्जी हे सारे तपासणे आणि औषध कसे घ्यावे, कसे ठेवावे, मात्रा चुकल्यास काय करावे हे रुग्णास समजावून सांगणे ही त्याची जबाबदारी ठरते. पदविकेच्या २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात सामाजिक औषधव्यवसाय आणि रुग्णालयीन औषधव्यवसाय यांना पूर्वीपेक्षा अधिक स्थान मिळाले. आयुर्वेदाचा परिचय त्यात आहे, परंतु तो वनस्पतिद्रव्यांच्या विषयात आसव, अरिष्ट, गुटिका, तैल कसे करतात एवढ्यापुरता. कल्प कसा करतात हे विद्यार्थी शिकतो. समोरच्या रुग्णाला तो देताना काय विचारावे हे शिकत नाही. जामनगरला आयुर्वेद फार्मसीचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, पण तेथून निघालेले पदवीधर बहुतांशी निर्मितीकडे वळतात. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरील दुकानात ते आपल्याला भेटणार नाहीत.

आपल्याच घरातील केर

फार्मासिस्टला शिकविण्यापूर्वी आपल्या चिठ्ठीकडे पाहणे न्याय्य होईल. आम्ही काही वैद्य आणि आठ-दहा औषधालयचालक अलीकडे महिन्यातून एकदा दुपारी एकत्र बसतो. पहिल्याच बैठकीत आम्ही आमच्या जुन्या चिठ्ठ्या, रुग्णांची नावे झाकून, फार्मासिस्ट मित्रांच्या हाती दिल्या आणि मोठ्याने वाचण्याची विनंती केली. एका चिठ्ठीवर चंद्रप्रभेच्या पुढे ‘अपाने’ असे लिहिले होते. बारा वर्षे दुकान चालविणाऱ्या आमच्या मित्राने ते ‘पाण्याने’ असे वाचले आणि आजवर प्रत्येक रुग्णाला तो तसेच सांगत आला होता. अपानकाळ म्हणजे भोजनापूर्वी, व्यानोदाने म्हणजे दोन्ही जेवणांनंतर, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते. सर्वजण हसले, आम्हीही हसलो. पण औषधकालाचे एवढे शास्त्र रचणाऱ्या परंपरेचे वारस असून आपला काळ रुग्णापर्यंत पोहोचतच नाही, हे त्या हसण्यात झाकले गेले नाही.

दुसऱ्या चिठ्ठीवर ‘चंद्रा’ एवढेच वाचता येत होते. ती चंद्रप्रभा, चंद्रकला की चंद्रामृत? एक मूत्रवह स्रोतसावर, दुसरी रक्तपित्तावर, तिसरी कासावर. सूतशेखर साधा की सुवर्णयुक्त, योगराज की महायोगराज, हेही आपण अनेकदा लिहीत नाही आणि दुकानात जे असेल ते दिले जाते. गुंजेच्या मात्रेत लिहिलेल्या रसकल्पाचे गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम हे समीकरण फार्मासिस्टला ठाऊक नसते. ‘चिमूटभर’ हा शब्द तर आपण आजही लिहितो. कोणाची चिमूट?

याहून अवघड विषय पुड्यांचा आहे. स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध तयार करणाऱ्या वैद्याला कायद्याने निर्मितीच्या परवान्यातून सूट दिली आहे आणि ती परंपरेला धरून आहे. परंतु बिननावाची पुडी घेऊन रुग्ण तज्ज्ञाकडे किंवा दुकानात जातो तेव्हा ‘वैद्यांचे काहीतरी चूर्ण’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही. पुडीवर नाव लिहिले तर रुग्ण तेच औषध परस्पर आणील अशी भीती काही ज्येष्ठ वैद्य बोलून दाखवितात. ती भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण रात्री दोन वाजता रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या पोटात कोणता रसकल्प आहे हे कोणालाच माहीत नसावे, यापेक्षा एखादा रुग्ण गमावणे परवडले.

क्षयरोगाच्या कामातून मिळालेला धडा

फार्मासिस्टला चिकित्सेच्या संघात घेता येते की नाही, हा प्रश्न आपल्याच परिसरात एकदा प्रत्यक्षात पडताळला गेला आहे. मुंबईत २००६ च्या सुमारास इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या पुढाकाराने औषधविक्रेत्यांना क्षयरोगाविषयी प्रशिक्षण देण्याचे काम सुरू झाले. क्षयाची माहिती देणारे छोटे कार्ड हाती घेऊन फार्मासिस्टने ग्राहकाशी बोलावे, संशयिताला शासकीय केंद्राकडे पाठवावे, अशी ती आखणी होती. या अनुभवावरील शोधलेख २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रमुख लेखिका प्रा. मंजिरी घरत या कल्याणला खेटून असलेल्या उल्हासनगरातील प्राचार्य के. एम. कुंदनानी फार्मसी पॉलिटेक्निकमध्ये अध्यापन करीत आल्या आहेत. म्हणजे या विचाराचे एक मूळ आपल्या अंगणापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. पुढे काही दुकाने प्रत्यक्ष डॉट्सची केंद्रेही झाली. रुग्ण कामावर जाता-येता फार्मासिस्टसमोर औषध घेऊ लागला. २०१२ मध्ये केंद्रीय क्षयरोग विभाग आणि फार्मसी क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था-संघटना यांच्यात सामंजस्य करार झाला. त्याच वर्षी क्षयरोग्याची नोंद शासनाला कळविणे खाजगी व्यावसायिकांना बंधनकारक झाले, आणि २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही ती जबाबदारी आली. ‘खाजगी व्यावसायिक’ या शब्दांत आपणही येतो, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आम्हांस हा विषय परका का वाटत नाही हे सांगावयास हवे. काही वर्षांपूर्वी कल्याण पूर्वेकडील एक गृहस्थ खोकल्यासाठी आमच्याकडे येत होते. चाळिशीचे वय, रात्रपाळीची नोकरी, कृश प्रकृती. आम्ही सितोपलादी व वासावलेह दिला, चार दिवस बरे वाटले, पुन्हा खोकला, पुन्हा औषध. असे सहा आठवडे गेले. दरम्यान ते दुकानातून खोकल्याच्या बाटल्या नेत होते आणि कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्याही घेत होते. या वर्गातील प्रतिजैविके क्षयाची लक्षणे काही काळ दाबतात आणि निदान लांबवितात. अखेरीस महापालिकेच्या केंद्रात थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला; घरातील शाळकरी मुलीलाही तपासणीत तो आढळला. दोघेही सहा महिन्यांच्या उपचारांनी बरे झाले. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या खोकल्यात थुंकी तपासावी, हा नियम आम्हांला ठाऊक होता. तो आम्ही पाळला नाही, हा दोष आमचा. परंतु नंतर त्या दुकानदारांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर, तिसरी बाटली नेली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण तुमचं औषध चालू आहे म्हणाले. मी मध्ये कसा बोलू?”

मध्ये कसा बोलू, या तीन शब्दांत साऱ्या प्रशिक्षणाची गरज सामावली आहे. माहितीची उणीव होतीच असे नाही; वाट नव्हती. क्षयरोगाच्या उपक्रमात ती वाट आखलेली होती. काय दिसले म्हणजे पाठवावयाचे हे ठरलेले, कोठे पाठवावयाचे हे ठरलेले आणि पलीकडे रुग्णाला घेणारे माणूस होते. आपल्या क्षेत्रात हे तिन्ही नाही.

आणखी एक प्रसंग याच रोगाशी निगडित आहे आणि तो थेट आयुर्वेदीय फळीपाशी घडतो. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे काही रुग्णांत यकृताला इजा करतात. रुग्णाला अन्न नकोसे होते, उलट्या होतात, डोळे पिवळे दिसू लागतात. तो दुकानात येऊन म्हणतो, “कावीळ झालीय, आयुर्वेदिक काहीतरी द्या.” दुकानदार सद्भावनेने आरोग्यवर्धिनी किंवा यकृताचे सिरप देतो. वास्तविक या क्षणी क्षयाची औषधे थांबवावी लागतील काय हे ठरविण्यासाठी रुग्णाला त्याच दिवशी उपचारकेंद्रात पाठविणे आवश्यक असते. एक आठवडा सिरपवर गेला तर यकृत निकामी होऊ शकते. फार्मासिस्टने “दुसरी कोणती औषधं चालू आहेत?” एवढे विचारले असते तर हे टळले असते. आमच्या मते वैद्य आणि फार्मासिस्ट यांच्या कोणत्याही संयुक्त प्रशिक्षणाचा पहिला पाठ हाच असावा.

प्रशिक्षण कसे असावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाची रूपरेषा प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा की दोन वा अधिक व्यवसायांतील मंडळींनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे. यातील ‘एकमेकांकडून’ हा भाग आपण विसरतो. वैद्याने व्यासपीठावरून व्याख्यान द्यावे, फार्मासिस्टांनी ऐकावे, शेवटी चहा-सामोसा आणि प्रमाणपत्र, अशी शिबिरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतून ओळखी होतात, याहून अधिक काही होत नाही.

आमच्या बैठकींचा प्रकार निराळा आहे. दुपारी अडीच ते चार ही वेळ निवडली, कारण त्या वेळी दुकानात गर्दी कमी आणि चिकित्सालये बंद. मध्ये एक पिशवी ठेवली जाते. तीत एका रुग्णाच्या, नावे झाकलेल्या, सर्व चिठ्ठ्या आणि रिकामी वेष्टने. एक वैद्य व एक फार्मासिस्ट यांची जोडी ती उघडते. फार्मासिस्टने वैद्याची चिठ्ठी वाचावयाची, वैद्याने तज्ज्ञाची. एकदा एका मधुमेही आजींच्या पिशवीत निरनिराळ्या नावांच्या दोन गोळ्या निघाल्या. आम्ही त्या दोन वेगळी औषधे समजलो. समोरच्या फार्मासिस्ट ताईंनी वेष्टने उलटी करून दाखविले की दोहोंतही मेटफॉर्मिनच आहे. दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे लिहिलेले. शिवाय आजी मधुमेहासाठी कारल्याचा रस घेत होत्या आणि सकाळी हातपाय थरथरतात अशी त्यांची तक्रार होती. ती थरथर आम्ही वातप्रकोपाच्या खात्यात टाकली होती. रक्तशर्करा तपासून घेण्याची सूचना त्या ताईंची.

अशा बैठकींतून हळूहळू जो पाठ्यक्रम आकाराला येतो आहे तो थोडक्यात असा. फार्मासिस्टने शिकावयाचे ते : औषधकालाच्या व अनुपानाच्या संज्ञा, सारख्या नावांचे कल्प, ई-१ मधील द्रव्ये असलेले नेहमीचे कल्प (त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, अग्नितुंडी, संजीवनी, कनकासव), आणि गर्भिणी, बालक, वृक्कविकारी व रक्त पातळ करणारे औषध घेणारा रुग्ण समोर असताना थांबण्याची सवय. वैद्याने शिकावयाचे ते : आधुनिक औषधांची मूळ नावे, नित्याच्या परस्परक्रिया आणि सुवाच्य, पूर्ण नावाची चिठ्ठी. दोघांनी मिळून शिकावयाचे ते अधिक अवघड आहे. काउंटरवर चार माणसे उभी असताना रुग्णाला खाजगी प्रश्न कसा विचारावा? “वैद्यांनी चुकीचे दिले आहे” असे न म्हणता “मी वैद्यांशी बोलून घेतो, तोवर हे एक थांबवू” असे कसे म्हणावे? याचा सराव आम्ही अक्षरशः नाटक बसविल्यासारखा करतो. डोंबिवलीकरांना नाटकाचे वावडे नाहीच.

औषधाचा अनिष्ट परिणाम आढळल्यास तो कळविणे हाही संयुक्त कार्याचा भाग होय. आधुनिक औषधांसाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रम आहे. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांसाठीचा कार्यक्रम त्याही आधी, २००८ मध्ये, जामनगर येथे केंद्र ठेवून सुरू झाला आणि पुढे नव्या योजनेत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे राष्ट्रीय समन्वय आला. वैद्य आपल्या औषधाविषयी असे कळविण्यास कचरतो, त्याला ती आपल्या शास्त्राची निंदा वाटते. फार्मासिस्टला असा संकोच असण्याचे कारण नाही, आणि कोणत्या निर्मात्याची कोणत्या क्रमांकाची बॅच होती हे तोच अचूक सांगू शकतो.

पैशाचा प्रश्न

हा विषय टाळून लेख पूर्ण होणार नाही. ऑस्ट्रेलियात २००१ पासून डॉक्टरच्या सूचनेवरून फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्या सर्व औषधांचा आढावा घेतो आणि त्याचे मानधन शासन देते. आपल्याकडे फार्मासिस्टचे उत्पन्न विक्रीतून येते. “ही बाटली घेऊ नका, आधी थुंकी तपासा” असे सांगणारा दुकानदार स्वतःच्या गल्ल्यातून पैसे काढून ते वाक्य बोलत असतो. त्याला केवळ सेवाभावाचा उपदेश करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दुसऱ्या बाजूला वैद्य आणि दुकान यांच्यातील देवाणघेवाणीचे, ज्याला लोक सरळ ‘कट’ म्हणतात, प्रकरण आहे. जेथे ती चालते तेथे फार्मासिस्ट वैद्याच्या चिठ्ठीवर प्रश्न विचारूच शकणार नाही; आणि ज्या फार्मासिस्टला प्रश्न विचारता येत नाही तो संघातील सहकारी नव्हे, केवळ विक्रेता होय. आमच्या बैठकीत येणाऱ्यांसाठी म्हणूनच एक अट ठेवली आहे, की या वर्तुळातील कोणीही कोणाकडून कशाचाही मोबदला घ्यावयाचा नाही. या अटीमुळे दोघे आले नाहीत.

मानधनाचे उत्तर आमच्याजवळ नाही. एवढे मात्र दिसले आहे की जेथे फार्मासिस्ट विचारपूस करतो तेथे ग्राहक टिकतो, आणि रस्त्यापलीकडे सवलतीचे फलक लावणारे नवे दुकान उघडले तरी तो तिकडे सहजासहजी वळत नाही. औषधालयचालकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

वैद्यांसाठी एक छोटी सूचना, जी आम्ही स्वतः अमलात आणली आहे. चिठ्ठीच्या तळाशी दूरध्वनी क्रमांकाबरोबर ‘औषधविक्रेत्यांसाठी : दुपारी १ ते १.१५’ असे छापून घेतले. त्या पंधरा मिनिटांत रुग्ण घ्यावयाचे नाहीत आणि फोन दुसऱ्याने उचलावयाचा नाही. पहिले दोन महिने एकही फोन आला नाही. मग पावसाळ्यात एके दिवशी आला. एका फार्मासिस्ट मित्राने बिचकतच सांगितले, की आपल्या एका रुग्णाने खोकल्याची तिसरी बाटली मागितली आहे, ती दिलेली नाही, त्यांना थांबवून ठेवले आहे, काय करू? त्या गृहस्थांची थुंकी दुसऱ्या दिवशी तपासणीस गेली आणि छातीचा एक्स-रेही काढला. क्षय नव्हता, जुना धूम्रपानाचा कास निघाला. संध्याकाळी त्या मित्राचा पुन्हा फोन आला, उगाच आपल्याला त्रास दिला म्हणून क्षमा मागण्यासाठी. पुढच्या वेळीही असाच फोन करा, असे आम्ही त्यांना सांगितले.